जेवून आलेली मंडळी

टेकचंद शेठनी पहिलं ताट वेणूसमोर धरलं तेव्हा तिच्या पोटात सकाळच्या अर्ध्या कप चहाशिवाय काहीही नव्हतं. निघताना आईने चपाती पुढे केली होती, ती तिने मुद्दाम नाकारली होती. आज कॉलेजातच जेवायचं आहे, असं ऐटीत सांगून. आणि जेवायचं होतंच. उल्हासनगरच्या या कॉलेजात आजपासून विद्यार्थ्यांना दुपारचं सकस जेवण फुकट मिळणार होतं, योजनेची प्रमुख म्हणून अर्थशास्त्राच्या प्रा. वेणू शेजवळ यांची नेमणूक झाली होती, आणि पहिला घास प्रमुखांनी घ्यायचा असं प्राचार्यांनी भाषणातच जाहीर करून टाकलं होतं. फोटोग्राफर एक डोळा मिटून तयार होता. शेठ म्हणाले, "लो मॅडम, पहिली थाली तुमची." आणि वेणू म्हणाली, "नको नको, मी जेवून आले."

ती म्हणाली हेसुद्धा तितकंसं खरं नाही. शिंक येते तसं ते आलं. तिचं तिलाच ते ऐकू आलं तेव्हा सगळा मांडव ऐकून बसला होता. शेठचा हात ताटासकट हवेत राहिला. ताटातल्या मुगाच्या उसळीची वाफ तिच्या नाकात शिरली आणि पोटाने आतून असा काही आवाज केला की तिने घाईघाईने पदर सावरला; जणू आवाज पदराचाच होता. मग शेठनी ताट तिच्यामागच्या मुलाकडे नेलं. हा भीमराव; विद्यार्थी संघटनेचा पुढारी, दुसऱ्या वर्षाला त्याचा दीर्घ मुक्काम होता. त्याने मॅडमकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि छाती थोडी पुढे काढून तो म्हणाला, "मी पण जेवूनच आलोय, शेठ." मग रांगच्या रांग जेवून आलेली निघाली. मुली खाली बघून म्हणाल्या, मुलं वर बघून म्हणाली, एकाने तर पोटावरून हात फिरवून ढेकरही दिला. ज्याला काहीच सुचलं नाही तो रांगेतून हळूच निघून गेला. प्राचार्य शंकरराव देसले यांचा गुरुवार होता. उपप्राचार्यांना ॲसिडिटी होती. शेवटी पंगतीच्या सुरुवातीला एकटे टेकचंद शेठ मांडी घालून बसले आणि सगळ्या कॉलेजने हात बांधून त्यांना जेवताना पाहिलं. फोटोग्राफरने तोच फोटो काढला.

शेठ जेवले याचं फार आश्चर्य नव्हतं. ते त्यांचंच जेवण होतं. कॅम्प एकमध्ये त्यांचा पापडाचा मोठा धंदा. जन्मभर मसाला, तेल आणि मीठ यांच्या संगतीत गेलेल्या या माणसाला मागच्या वर्षी हृदयाचा झटका आला आणि डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं, तेल बंद केलं, तिखट बंद केलं. उकडलेला दुधी, मोड आलेले मूग, ज्वारीची भाकरी आणि पातळ अळणी वरण एवढ्यावर ते जगले, नुसते जगले नाहीत तर त्यांना साक्षात्कार झाला. "साईं, ये खाने से मैं मरते मरते बचा," ते प्रत्येकाला सांगत. "तो बच्चे कितने मजबूत होंगे!" कॉलेजच्या ट्रस्टवर ते होतेच. मागच्या बाजूची पत्र्याची शेड त्यांनी रंगवून घेतली, भांडी घेतली, आणि लग्नाचे स्वयंपाक करणाऱ्या बनूबाईंना ठेवलं. बनूबाईंना पहिल्याच दिवशी बजावण्यात आलं की मिठाची बरणी शेडमध्ये आणायची नाही. आयुष्यात असा अपमान झाला नव्हता, असं बनूबाई वेणूला म्हणाल्या. "बाई, मयताच्या घरीसुद्धा मी मीठ घालते हो."

त्या दिवशी कॉलेजातून अंबरनाथला घरी येईपर्यंत वेणू आपल्या तोंडाचा विचार करत होती. इतर अवयव बऱ्यापैकी ऐकणारे होते. वर्गात उभं राहून दोन तास बोलायचं तर पाय ऐकत, मागच्या बाकावर चाललेली बडबड कान नेमकी टिपत. पण हे तोंड मात्र तिच्या आधी जन्माला आल्यासारखं वागे. 'जेवून आले' हे वाक्य तिला कुणी शिकवलं ते तिला आठवतच नव्हतं, कारण ते शिकवलं गेलं तेव्हा ती बहुधा नीट बोलतही नसावी. कारखान्याच्या चाळीत कुणाकडेही जायचं तर भागीरथी, तिची आई, दारातच फ्रॉकची बटणं लावत विचारायची, "खाऊ दिला तर काय म्हणायचं?" आणि वेणूने म्हणायचं, "जेवून आले." हे झाल्यावरच बाहेर सोडलं जायचं. त्यामागे वडील होते. धोंडिबा शेजवळ लहानपणी नगरकडच्या आपल्या गावात आईच्या पदराला धरून दारोदार शिळ्या भाकरी गोळा करायला जायचे. लोक हात लांब करून भाकरी टोपलीत टाकायचे, असं ते सांगत, आणि 'हात लांब करून' म्हणताना स्वतःचा हात तसा लांब करून दाखवत. छप्पन साली दीक्षा घेतली, अंबरनाथला आगपेटीच्या कारखान्यात चिकटले आणि त्यांनी घरात एकच कायदा केला, की शेजवळांच्या घरातलं माणूस यापुढे कुणाच्या पुढे ताट धरणार नाही. त्या कायद्याखाली वेणू वाढली. तो इतका अंगात मुरला की बारशाला, हळदीकुंकवाला, एकदा तर स्वतःच्या मावसबहिणीच्या लग्नात मांडवाखाली बसूनही ती जेवून आलेली होती.

आणि याच कॉलेजात विद्यार्थिनी म्हणून काढलेली वर्षं! तेव्हा कारखान्यात टाळेबंदी होती, घरी सकाळी चहात बुडवायला काही असलं तर असायचं. बाकावर शेजारी मोहिनी बसायची. कॅम्पातली कपड्याच्या दुकानदाराची मुलगी, गोरी, गुबगुबीत, मनाने अगदी लोण्याची. मधल्या सुट्टीत ती डबा उघडायची आणि दाल-पकवानाचा वास सगळ्या वर्गात हिंडायचा. "वेणू, खा ना." "अगं, मी जेवून आले." मोहिनीचा यावर पूर्ण विश्वास. इतका, की एकदा वेणूला लेक्चरमध्ये ग्लानी आली तेव्हा मोहिनी तिला बाजूला घेऊन अगदी काळजीने म्हणाली, "बुरा मत मान, पण तू सकाळी इतकं भरपूर खातेस ना, म्हणून तुला झोप येते. थोडं कमी खात जा." वेणूने कमी खायचं कबूल केलं. मग ती ग्रंथालयामागच्या नळावर जाऊन पाणी प्यायली. कॉलेजच्या प्रत्येक नळाच्या पाण्याची चव तिला तेव्हा वेगळी ओळखू यायची. ग्रंथालयामागचं जरा गोडसर, जिन्याखालचं लोखंडाच्या चवीचं. आजही स्टाफरूममध्ये शिपाई किसन पाण्याचा ग्लास आणून ठेवायचा तेव्हा तो कुठल्या नळाचा आहे हे तिला कळायचं, आणि हे ज्ञान कुठे सांगावं असं नव्हतं.

पुढचे काही दिवस शेडमध्ये स्वयंपाक होत राहिला आणि कॉलेज जेवून येत राहिलं. खात्यापित्या घरची दोन-चार मुलं गंमत म्हणून आली, एकेक घास घेऊन एकमेकांकडे बघत हसली आणि गेटबाहेरच्या वडापावच्या गाडीकडे गेली. ज्यांनी यायला हवं होतं ती शेडच्या बाजूने जातही नव्हती. ग्रंथालयात जायला शेडवरूनच जवळची वाट होती. ती सोडून मुलं सगळ्या इमारतीला वळसा घालून जाऊ लागली. उरलेलं अन्न पालेगावचा एक म्हशीवाला येऊन नेऊ लागला. त्याच्या म्हशी त्या महिन्यात अशा काही तुकतुकीत झाल्या की प्राचार्यांनी मुद्दाम वेणूला खिडकीतून दाखवल्या. "योजना यशस्वी आहे, मॅडम," ते म्हणाले. "फक्त लाभार्थी चुकलेत." मग हसू आवरून त्यांनी सांगितलं की पुढच्या महिन्यात ट्रस्टची मीटिंग आहे, शेडची जागा बऱ्याच जणांना स्कूटर लावायला हवी आहे, आणि टेकचंद शेठ हट्टी असले तरी रिकाम्या पंगतीपुढे कुणाचा हट्ट चालत नाही. "मुलांना बोलवा. तुमचं ऐकतील. तुम्ही त्यांच्यातल्याच."

त्यांच्यातल्याच, म्हणूनच बोलावता येत नव्हतं. तरी तिने प्रयत्न केला. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात त्या आठवड्यात दारिद्र्यरेषा होती. माणसाला रोज किती उष्मांक लागतात आणि ते न मिळणाऱ्याला शास्त्र काय म्हणतं, हे ती फळ्यावर लिहीत असताना मधल्या रांगेतून कुणाच्या तरी पोटाचा लांबलचक, वळणं घेत जाणारा आवाज आला. आवाज ज्याच्या पोटातून आला तो मुलगा खाली वाकून बाक हलवू लागला. "बाक मोडलाय, मॅडम. कुरकुरतो." "हो मॅडम, तो बाक असाच आहे," शेजारचा म्हणाला. सगळा वर्ग त्या बाकाला दोष देऊ लागला. वेणू खडू हातात धरून उभी राहिली. शेडमध्ये जेवण तयार आहे, जा, असं म्हणायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. पण तिला दिसत होतं की ती असं म्हणाली तर हा मुलगा उद्यापासून वर्गात येणार नाही. तीही आली नसती. ती म्हणाली, "किसनला सांगते. दुरुस्त करून घेऊ." आणि खरंच तास संपल्यावर तिने किसनला सांगितलं, आणि किसनने धडधाकट बाकाला दोन खिळे ठोकले.

नवसी तिला त्याच दिवशी ग्रंथालयामागच्या नळावर भेटली. बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या बाजूला डोंगरातल्या पाड्यावरून ही मुलगी यायची. पहाटे पाड्यावरून चालत निघायची, मग मिळेल ते वाहन, मग गाडी. ओंजळीने घटाघट पाणी पीत होती. वेणूने तिच्या पाण्याकडे पाहिलं आणि तिला उगीचच सांगावंसं वाटलं, की हुशार आहेस, जिन्याखालचं पिऊ नकोस.

"नवसी, शेडमध्ये जेवायला का येत नाहीस?"

"मना भूक नाय, मॅडम."

"सकाळी निघताना काय खाल्लंस?"

"भरपूर खाल्ला," नवसी म्हणाली. तोंड ओढणीने पुसलं, आणि सरळ वेणूच्या डोळ्यांत बघून पुढे म्हणाली, "तुमी कुठं खाता? तुमीच त बोलल्या, जेवून आले. मंग आमी काय तुमचेपेक्षा गरीब हाव?"

नवसी निघून गेल्यावर वेणूने नळ उघडला, पाणी प्यायली. अजून गोडसरच होतं.

रविवारी दुपारी ती घरी उदास बसली होती. धोंडिबा निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती. ते खाटेवर आडवे होऊन वर्तमानपत्र तोंडाच्या अगदी जवळ धरून वाचत. वर्तमानपत्रामागूनच त्यांनी विचारलं, "काय म्हणतं तुमचं अन्नछत्र?" ते 'अन्नछत्र' असं म्हणत की ऐकणाऱ्याला टोपलीच दिसावी. "अन्नछत्र नाही ते, बाबा." "फुकट ना?" "फुकट." "मग तेच." वेणूला राग आला. गेले कित्येक दिवस जो राग स्वतःवर येत होता तो ऐनवेळी दुसरीकडे वळला याचं तिला बरंही वाटलं. "तुम्ही स्वतः इतकी वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवलात. ते काय होतं? तिथे कुठे पुरे पैसे पडायचे? निम्म्याहून जास्त कंपनीच घालायची. तेव्हा नाही ताट धरलंत?"

वर्तमानपत्र खाली आलं. धोंडिबा उठून बसले. त्यांचा चेहरा दुखावलेला असेल असं तिला वाटलं होतं, तर तो खुलला होता. "ते कॅन्टीन?" ते म्हणाले. "अगं, ते आम्ही घेतलंय! गेटवर बसून घेतलंय. पावसात भिजत बसलो होतो. मग जेवायला काय लाजायचं? आणि डाळीत खडा निघाला ना, की सरळ वाटी उचलायची आणि मॅनेजरच्या टेबलावर नेऊन आदळायची. म्हणायचं, साहेब, चाखा. काय चेहरा व्हायचा त्याचा! वेणू, तुला सांगतो, त्या डाळीइतकी चव मी कुठल्या डाळीला पाहिली नाही."

"आणि घरी," स्वयंपाकघरातून भागीरथी म्हणाली, "भाजी करपली तरी हूं की चूं करायचे नाहीत. मला वाटायचं, माझं आवडत नाही यांना."

आईवडिलांचं त्यावर भांडण सुरू झालं. वेणूचं लक्ष नव्हतं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. कारखान्यांच्या बाजूने रोजचा आंबूस वास येत होता आणि तिच्या डोक्यात काहीतरी हळूहळू उकळी फुटल्यासारखं होत होतं. हात लांब करून दिलेली भाकरी आणि मॅनेजरच्या टेबलावर आदळलेली वाटी. जेवण तेच. नुसत्या आदळण्याचा फरक.

सोमवारी तिने भीमरावला स्टाफरूममध्ये बोलावलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी तिने दार लोटून घेतलं. भीमरावला वाटलं, हजेरीचं प्रकरण आहे, तो आजारी आजीपासून सुरुवात करणार एवढ्यात वेणू म्हणाली, "शेडमधल्या जेवणात मीठ नसतं, माहितीये?"

"ऐकलंय."

"दरवर्षी निवडणूक लढवतोस. विद्यार्थ्यांना अळणी जेवण देतात आणि पुढारी गप्प?"

"मॅडम, आपण कुणी खातच नाही. मग अन्याय कसा झाला?"

"खाल्ल्याशिवाय कळणार कसं अन्याय झाला ते?"

भीमराव विचारात पडला. विचार करताना त्याच्या कपाळावर एक शीर उमटायची. "म्हणजे निषेध म्हणून खायचं?"

"अभ्यास म्हणून आधी. मग निषेध."

"निषेध कुणाचा पण? शेठचा केला तर ट्रस्टवाले डोक्यावर बसतील. प्राचार्यांचा केला तर माझी हजेरी..."

"योजनेच्या प्रमुखाचा करायचा," वेणू टेबलावरच्या डस्टरकडे बघत म्हणाली.

भीमराव खुर्चीच्या कडेवर येऊन हळू आवाजात म्हणाला, "तुमचा?"

"नाव घ्यायला माझी हरकत नाही. मात्र हे बोलणं इथेच राहिलं पाहिजे. कुणालाही कळता कामा नये."

"आई शप्पथ नाय कळणार. मुर्दाबाद पण करायचं?"

वेणूने डस्टर उचलून परत तिथेच ठेवला. "मुर्दाबाद जरा... नुसतं हाय हाय पुरे नाही का?"

"हाय हायला पब्लिक उठत नाय, मॅडम," भीमराव अनुभवाने म्हणाला.

बुधवारी मोर्चा निघाला. वेणू पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात उभी होती, हातात तपासायचे पेपर घेऊन, पेपरांत बघत असल्यासारखी. आधी चार-पाच जण शेडमध्ये गेले, त्यांनी गंभीरपणे ताटं घेतली, बसले, खाल्लं आणि बाहेर येऊन डाळीची वाटी सगळ्यांना दाखवली. मग कुठून कुठून पोरं आली. "अळणी डाळ, नहीं चलेगी!" इथपर्यंत ठीक होतं. "मीठ आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं!" तिला वडील आठवले आणि हसू आलं. आणि मग भीमरावने मूठ उंच केली, "वेणू मॅडम..." आणि शे-दोनशे गळे एकदम म्हणाले, "मुर्दाबाद!" हे आपणच सांगितलं आहे हे माहीत असूनही डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी, कबूल करायला लाज वाटावी असं, अंगावरून मोरपीस फिरल्यासारखंही झालं. आजवरच्या आयुष्यात तिचं नाव इतक्या मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं. मुलींच्या घोळक्यात नवसी होती. ओढणी कमरेला बांधून, मानेच्या शिरा ताणून, 'मुर्दाबाद'मधल्या 'बा'वर असा काही जोर देत होती की वेणूला आतल्या आत वाटलं, एवढा राग होता का हिला माझा?

त्यातच गेटमधून टेकचंद शेठची मोटार आत आली. शेठ उतरले, त्यांनी गर्दी पाहिली, घोषणा ऐकल्या आणि डावा हात छातीवर ठेवला. वेणूच्या हातातले पेपर खाली पडले. ती जिन्यावरून धावत निघाली. आपण या माणसाला मारलं, हे एकच वाक्य प्रत्येक पायरीवर तिच्याबरोबर उतरत होतं. उद्या वर्तमानपत्रात येईल; बाबा वर्तमानपत्र तोंडाजवळ धरून वाचतील. ती धापा टाकत पोचली तेव्हा शेठ मोटारीला टेकून उभे होते आणि त्यांचा हात अजून छातीवरच होता.

"शेठ, बसा. पाणी आणू? डॉक्टरांना..."

"मॅडम," शेठ म्हणाले, "ये लोग खाने के लिए लड़ रहे हैं?"

"हो. म्हणजे मिठासाठी. पण शेठ..."

"मतलब खाना है इनको!" शेठचे डोळे भरून आले होते. हात छातीवर होता तो खिशातला रुमाल काढायला. "मला वाटलं, यांना नकोच आहे. मला वाटलं, मी म्हातारा झालो, कुणाला माझं नको. साईं, आम्ही सिंधमधून आलो ना, इथे बराकीत राहायचो. दाल की लाइन में मैं रोज माँ के साथ खड़ा रहता था. शरम? कसली शरम? सब खड़े थे! करोडपती खड़ा था, नोकर खड़ा था. दाल वाईट असायची. सगळे मिळून शिव्या द्यायचे. क्या गालियाँ थीं!" ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "मला हे सुचलंच नाही. मी एकटाच बसून खाल्लं त्या दिवशी."

मग वाटाघाटी झाल्या. एका बाजूला भीमराव आणि त्याचे साथीदार, दुसऱ्या बाजूला वेणू, मध्ये शेठ आणि प्राचार्य. वेणूने मिठाला विरोध करायचा, हे ओघानेच आलं होतं. तिने तो प्रामाणिकपणे केला, रक्तदाबाविषयी दोन वाक्यं बोलली आणि बाहेरच्या गर्दीने तिची हुर्यो उडवली. मीठ मंजूर झालं. फोडणी मंजूर झाली. वाढण्याची, रांगेची सगळी व्यवस्था विद्यार्थ्यांच्या समितीने बघायची हेही मंजूर झालं, आणि समितीच्या पहिल्याच ठरावाने स्टाफने सगळ्यात शेवटी जेवायचं ठरलं. प्राचार्यांनी स्कूटरींचा विषय काढून बघितला. तो कुणी ऐकला नाही. बनूबाई कुठून तरी मिठाची बरणी घेऊन आल्या. घरची असावी, कारण ती पदराखाली होती. लग्नात अक्षता टाकाव्यात तसं त्यांनी त्या डाळीत मीठ टाकलं. पोरं पंगतीला बसली. जिंकलेली माणसं बसतात तशी बसली, ऐसपैस, मांड्या पसरून, एकमेकांना हाका मारत. ज्याचं पोट वर्गात बोललं होतं तो मुलगा पहिल्या पंगतीत होता आणि डाळीत अजून मीठ कमी आहे असं चारचौघांत ठणकावून सांगत होता.

शेठ बनूबाईंच्या जवळ सरकले. "मला पण द्या. थोड़ा. मीठवाला."

"शेठ, तुम्हाला चालत नाही," वेणू म्हणाली.

"मॅडम, आज तुम्ही हरलात," शेठ वाटी पुढे करत म्हणाले. "हारे हुए लोग बोलते नहीं." पहिला घोट घेतल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. बनूबाईंनी त्यांना दुसरा घोट मात्र दिला नाही.

ट्रस्टच्या मीटिंगमध्ये शेड राहिली. पालेगावचा म्हशीवाला दोनदा येऊन रिकाम्या हाताने गेला. पावसाळा संपून हिवाळा लागला तोवर शेडपुढची रांग ग्रंथालयाच्या पायऱ्यांपर्यंत जाऊ लागली आणि तक्रारीही तशाच वाढल्या. लोणचं का नाही, भात चिकट का, बुधवारी परत दुधी कशाला. वेणूचं काम एवढंच उरलं, की रोज दुपारी खांबापाशी उभं राहून त्या ऐकून घ्यायच्या आणि चेहरा कठोर ठेवायचा. कठोर चेहऱ्याने जेवता येत नाही. शिवाय स्टाफ शेवटी. हा शेवट कधी येईल ते सांगता यायचं नाही आणि तेवढ्यात तिचा पुढचा तास सुरू व्हायचा. शत्रुपक्षाने पंगतीत बसणं बरं दिसत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आपण एकटीनेच एक मोठं गुपित पोटात ठेवलंय, या विचाराने तिचं थोडंफार पोट भरायचंही.

चाचणी परीक्षा चालू होत्या त्या दिवसांत एकदा सकाळपासून उभं राहून राहून तिचे पाय दुखले होते. ती खांबाला टेकली. खांबाजवळच नवसी जेवत बसली होती. तिने वर पाहिलं आणि बाजूची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा, मॅडम."

"मी? अगं, मी कशी बसू? मी तर तुमच्या विरुद्ध पार्टीची."

"कसली इरुद्ध?" नवसी घास चावत म्हणाली. "भीमरावदादानं पैल्याच दिशी सांगितला व्हता सगल्यांना."

"काय सांगितलं?"

"का मॅडमनीच भांडाया सांगितलाय. पन म्हनला, मॅडमला कलू देऊ नका. त्यांना वाटू दे का कोनाला ठाव नाय. त्यांना बरा वाटतं."

वेणू बसलीच. बसली म्हणजे पाय आपसूक दुमडले. पंगतीवरून तिची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. सगळे. तो बाकवाला, त्या खाली बघणाऱ्या मुली, वाढणारे, दारात उभा राहून भाताच्या नावाने खडे फोडणारा भीमराव, सगळे. इतके दिवस सगळं कॉलेज तिच्या चेहऱ्याकडे गंभीरपणे बघत, तिच्या कठोरपणाची बूज राखत, तिला सांभाळून घेत होतं. तिचे कान तापले.

"पण तू किती ओरडत होतीस," ती कशीबशी म्हणाली. "मला वरपर्यंत ऐकू येत होतं. तुझा घसा बसला असेल."

"मंग?" नवसी म्हणाली. "हलू वरडलू असतू, त तुमाला खरा वाटला असता का?"

बनूबाई भाताची परात घेऊन पुढून चालल्या होत्या. वेणूने हात वर केला. बनूबाई थांबल्या नाहीत. "थांबा बाई जरा. पोरांचं होऊ दे," असं म्हणून त्या पुढच्या पंगतीकडे गेल्या. वेणूचा हात वरच राहिला. नवसीने आपल्या ताटातली भाकरी मधोमध मोडली, अर्धी उसळीसकट वेणूच्या त्या हातावर ठेवली आणि आपलं खाणं पुढे चालू ठेवलं. भाकरी गरम होती. वेणूने घास मोडला, उसळीला लावला आणि तोंडात टाकला. तोंडाने काही न बोलता तो चावायला घेतला.

"जाड हाय ना?" नवसीने विचारलं.

"फार जाड आहे," वेणू घास गिळून म्हणाली. "आणि मधे कच्ची पण राहिलीय. उद्या ओरडा."